दोन दाढांच्या मधली भिंत

दाढेच्या माथ्यावरची कीड शोधायला एक्स-रे लागत नाही. मुलाला दाराशी उजेडात उभं करायचं, मोठा आ करायला सांगायचं, की तपकिरी-काळा खळगा आईलाही दिसतो. लबाड असते ती दुसरी कीड. दुधाच्या दोन दाढा जिथे एकमेकींना खेटून उभ्या असतात तिथे ब्रश जात नाही, जीभ जात नाही, दंतवैद्याचा छोटा आरसाही जात नाही. त्या मधल्या भिंतीला लागलेली कीड आडवी आत सरकते. वरचा कंगोरा शाबूत असेपर्यंत दाढ बाहेरून धडधाकट दिसते. मग एखाद्या दिवशी फुटाणा चावताना कंगोरा मोडतो आणि घरातले सगळे म्हणतात, "कालपर्यंत तर काहीच नव्हतं."

काल होतं, आणि बहुधा कित्येक महिने होतं. किडीसाठी मुलांचा एक्स-रे कधी काढायचा, हा प्रश्न जवळजवळ सगळा या न दिसणाऱ्या भिंतीभोवती फिरतो. एरवी त्याचं उत्तर वयात किंवा कॅलेंडरात शोधलं जातं, आणि तिथेच घोळ होतो.

दुधाचे दात एकूण २०. अडीच-तीन वर्षांपर्यंत ते सगळे येतात. पुढच्या दातांत फटी असतात, म्हणून तिथली कीड लपत नाही. दाढांमध्येही सुरुवातीला थोडी जागा असते, पण बऱ्याच मुलांत ती चौथ्या-पाचव्या वर्षापर्यंत मिटते. मग दोन दाढा रुंद, चपट्या बाजूंनी एकमेकींना भिडतात. या दाढांचं कवच जेमतेम मिलिमीटरभर जाड असतं, म्हणजे पक्क्या दाताच्या साधारण निम्मं. आतली नस मात्र ऐसपैस आणि कवचाच्या जवळ. त्यामुळे मोठ्या माणसाच्या दाढेत कीड कवच ओलांडून आत शिरायला काही वर्षं घेते, पण दुधाच्या दाढेत तेच अंतर ती बरंच लवकर कापते. "दुधाचे तर दात, पडणारच आहेत," हे वाक्य जळगाव-धुळ्यातल्या प्रत्येक दंतवैद्याने ऐकलेलं असतं. पडणार, हे खरं. पण पुढचे दात सहा-सात वर्षांना पडतात आणि दाढा दहा ते बाराव्या वर्षी. पाच वर्षांच्या मुलाला किडकी दाढ "पडेपर्यंत" सांभाळायची तर अजून पाच-सहा वर्षं तिच्यानेच भाकरी चावायची असते.

त्यात सहाव्या वर्षी एक घटना घडते आणि घरात कुणाला पत्ताही लागत नाही. शेवटच्या दुधाच्या दाढेमागे पहिली पक्की दाढ उगवते. तिच्यासाठी कुठलाही दात पडत नाही, म्हणून पालक तिलाही दुधाचीच समजतात. ही नवी दाढ पुढच्या दुधाच्या दाढेला टेकून उभी राहते, आणि त्या दुधाच्या दाढेची मागची बाजू किडलेली असेल तर आयुष्यभर टिकायचा दात पहिल्या दिवसापासून किडीच्या शेजारी राहायला येतो. स्वीडनमध्ये इंगेगेर्ड मेयारे यांनी सहा ते बारा वर्षांच्या मुलांच्या नेमक्या या दोन बाजूंचा पाठपुरावा केला. शेजारची दुधाची दाढ किडकी असेल तर पक्क्या दाढेला धोका कितीतरी पटींनी वाढतो, असं त्यात दिसलं. एक्स-रेच्या बाजूने याहून वजनदार मुद्दा मला माहीत नाही.

आपल्याकडे किडीचं प्रमाण किरकोळ नाही. डेंटल कौन्सिल ऑफ इंडियाने २००२-०३ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मौखिक आरोग्य सर्वेक्षणात पाच वर्षांच्या मुलांपैकी सुमारे ५२ टक्के आणि बारा वर्षांच्या मुलांपैकी सुमारे ५४ टक्के मुलांना कीड आढळली होती. अशा सर्वेक्षणांत तपासणी डोळ्यांनी होते, एक्स-रे काढत नाहीत. म्हणजे मधल्या भिंतीतली बरीचशी कीड या आकड्यांच्या बाहेरच राहिली असणार.

खानदेशात या किडीवर जुना इलाज होता धुरीचा. रिंगणीचं बी निखाऱ्यावर टाकायचं, नळीने धूर तोंडात घ्यायचा, आणि मग पाण्यात पडलेले पांढरे बारीक तंतू "हे बघा किडे" म्हणून दाखवायचे. मध्ययुगीन युरोपातही हेनबेन नावाच्या झाडाच्या बियांनी हाच खेळ चाले. ते तंतू म्हणजे उष्णतेने फुटलेल्या बियांतले अंकुर. धुराने ठणका काही वेळ बधिर होत असेल, एवढंच. हसण्याची गरज नाही. न दिसणारी गोष्ट डोळ्यांना दाखवली की माणसाचं समाधान होतं, हे धुरीवाल्याला ठाऊक होतं, आणि एक्स-रेच्या बाबतीतही ते विसरून चालत नाही.

रोंटगेनने ८ नोव्हेंबर १८९५ रोजी क्ष-किरण शोधले. जानेवारी १८९६ मध्ये जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग शहरात ओटो वाल्कहोफ या दंतवैद्याने स्वतःच्याच दाढांचं छायाचित्र घेतलं. त्यासाठी तो किरणांसमोर २५ मिनिटं बसला होता. अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सच्या एडमंड केल्स यांनी त्याच वर्षी हे तंत्र हाती घेतलं आणि वर्षानुवर्षं आपला हात किरणांच्या झोतात धरून यंत्र जुळवलं. आधी बोटं गेली, मग हात गेला, आणि १९२८ मध्ये त्यांनी आयुष्य संपवलं. त्याआधी तीन वर्षं, १९२५ मध्ये, हॉवर्ड रेपर यांनी फिल्मला मधोमध एक पंख जोडला. रोग्याने तो पंख दातांत धरायचा, की वरच्या आणि खालच्या दाढांचे माथे एकाच चित्रात येतात आणि मधल्या भिंती मोकळ्या दिसतात. हाच बाइटविंग. दोन दाढांमधली कीड शोधायला शंभर वर्षांनंतरही पहिलं नाव याचंच आहे.

आपल्या गावांतल्या दवाखान्यांत मात्र हात आधी जातो तो आयओपीएकडे. आयओपीए म्हणजे एका दुखऱ्या दाताचं, मुळाच्या टोकापर्यंतचं चित्र. मूल ठणकत आलेलं असतं, गाल सुजलेला असतो. "डॉक्टरसाहेब, पोऱ्यानी दाढ दुखस, उपडी टाका," असं शिरपूर-शिंदखेड्याकडून आलेली आजी सांगते. अशा वेळी मूळ पाहणं भागच असतं, तो एक्स-रे योग्यच आहे. पण त्याने कीड शोधली जात नाही, तिने केलेलं नुकसान मोजलं जातं. शोधण्याचा एक्स-रे दुखण्याच्या आधीचा असतो. आणि न दुखणाऱ्या मुलाला घेऊन दंतवैद्याकडे कोण जातं?

बाइटविंग काढतानाचा प्रकार जवळून पाहण्यासारखा आहे. आजकाल फिल्मऐवजी आरव्हीजीचा, म्हणजे डिजिटल एक्स-रेचा, सेन्सर असतो, टपालाच्या तिकिटापेक्षा थोडा मोठा, कडक, एका बाजूला वायर, वर प्लॅस्टिकची पिशवी. मुलांसाठी लहान मापाचा मिळतो, पण सगळ्याच दवाखान्यांत तो असतो असं नाही, आणि मोठ्यांचा सेन्सर पाच वर्षांच्या तोंडात घातला की त्याचा कोपरा जिभेखाली रुततो. पोरगं ओकारी देतं. जाणते दंतवैद्य तेव्हा त्याला नाकाने श्वास घ्यायला आणि पायाचे अंगठे हलवत राहायला सांगतात. लक्ष अंगठ्यांकडे गेलं की घसा थोडा विसावतो. मग पंख चावायला लावायचा, नळी बरोबर दोन दाढांच्या फटीच्या रोखाने धरायची, बाहेर येऊन बटण दाबायचं. झोत थोडा तिरका गेला तरी एका दाढेची पांढरी कड दुसरीवर चढते, आणि ज्या जागेसाठी एवढा खटाटोप केला तीच झाकली जाते. उजवीकडे एक, डावीकडे एक, काम संपलं.

पडद्यावर कवच पांढरंशुभ्र दिसतं, आतला भाग राखाडी, नस काळसर. कीड असेल तर दोन दाढा टेकतात त्याच्या जरा खाली, पांढऱ्या कवचात बारीक काळा त्रिकोण दिसतो, रुंद बाजू बाहेर आणि टोक आत. टोक कवचाच्या आतच थांबलं असेल तर दाढ कोरायची नाही. टोक राखाडी भागात घुसून पसरलं असेल तर इलाज करायचा. आणि चित्र नेहमी कमीच सांगतं. क्षार ३० ते ४० टक्के निघून गेल्याशिवाय एक्स-रेवर काळेपणा उमटत नाही, त्यामुळे प्रत्यक्षातली कीड दिसते त्याहून थोडी पुढेच गेलेली असते.

आता किरणांची भीती. जमीन, हवा, अन्न आणि आकाश यांतून माणसाला दर वर्षी सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट किरणोत्सर्ग आपोआपच मिळतो. दोन डिजिटल बाइटविंगचा हिशेब साधारण ०.००५ मिलिसिव्हर्टच्या आसपास, म्हणजे एका दिवसाच्या नैसर्गिक वाट्याएवढा. एवढ्यावरून जीव घाबरा करून घ्यायचं कारण नाही. पण शून्यही नाही, आणि लहान मुलांच्या वाढत्या पेशी किरणांना जास्त हळव्या असतात, पुढचं आयुष्यही लांब असतं. म्हणून नियम एकच, ज्याने उपचार बदलणार नाही तो एक्स-रे काढायचा नाही. डोस कमी ठेवण्याचे मार्ग साधे आहेत. नळीचं तोंड गोल असण्यापेक्षा चौकोनी असेल तर किरणं जवळपास निम्म्याने वाचतात. सेन्सर डिजिटल असला की डोस उतरतो, पण चित्र दोन सेकंदांत दिसत असल्यामुळे "परत एक घेऊ" म्हणायचा मोहही वाढतो, आणि वाचवलेलं तिथे खर्ची पडतं. शिशाच्या अॅप्रनबद्दल अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०२४ मध्ये सांगितलं, की नीट रोखलेल्या आधुनिक झोतासाठी अॅप्रन आणि गळ्याच्या पट्ट्याची गरज नाही. तरी मुलाला धरायला आईला आत थांबावं लागलं तर तिने अॅप्रन मागून घ्यावा. ती गरोदर असेल तर धरायचं काम दुसऱ्या कुणाला द्यावं. आपल्या देशात दाताचं एक्स-रे यंत्रही अणुऊर्जा नियामक मंडळाच्या, म्हणजे एईआरबीच्या नोंदणीत असावं लागतं, मग दवाखाना जळगावच्या नवी पेठेत असो की साक्रीच्या बाजारात. नोंदणीचा कागद दाखवा म्हणण्यात उद्धटपणा काही नाही.

मग काढायचा कधी? दंतवैद्याने आधी तोंड तपासायचं, दात पुसून, कोरडे करून. मुलाच्या दाढांमध्ये उघड फटी असतील, दोन्ही बाजू दिसत असतील, तर एक्स-रे नाही, मग मूल चार वर्षांचं असो की सहा. दाढा मिटलेल्या असतील तर दुसरी गोष्ट पाहायची, की या मुलाला कीड लागण्याचा संभव किती. वरच्या पुढच्या दातांवर हिरडीलगत खडूसारखे पांढरे पट्टे आहेत का, आधीची एखादी दाढ भरलेली आहे का, मोठ्या भावंडाचे दात कसे आहेत, आईचे कसे आहेत. रात्री साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवतात का. दात कशाने घासतात. कित्येक घरांत अजून मोठी माणसं मिश्री लावतात आणि मुलांना लाल मंजन देतात, ज्यात फ्लोराइडचा पत्ता नसतो. आणि दिवसातून किती वेळा गोड किंवा चिकट काहीतरी तोंडात जातं. जळगावच्या केळ्यावर उगाच आळ घेऊ नये. ताजं केळं खाऊन चूळ भरणाऱ्या पोराचं फारसं बिघडत नाही. बिघडतं ते चहात बुडवलेल्या बिस्किटांनी आणि शाळेबाहेरच्या टपरीवरच्या पाच रुपयांच्या पाकिटांनी, जी तासातासाने फोडली जातात.

अमेरिकेत २०१२ च्या शिफारशींनुसार कीड असलेल्या किंवा जास्त धोका असलेल्या मुलाचे बाइटविंग ६ ते १२ महिन्यांनी काढतात, आणि धोका नसलेल्या लहान मुलाचे १२ ते २४ महिन्यांनी. ब्रिटनमध्येही धोक्यानुसार सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत अंतर सांगितलं जातं. दोन्हीकडे एक गोष्ट गृहीत आहे, ती म्हणजे मूल परत येणार.

इथे खानदेशाचा हिशेब वेगळा होतो. साक्री तालुक्यातून किंवा चाळीसगावकडून दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला निघालेलं बिऱ्हाड उन्हाळा लागेपर्यंत गावात नसतं, आणि पोरं बरोबरच असतात. "सहा महिन्यांनी दाखवा" या वाक्याला तिथे अर्थ नाही. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरून चोपड्याला यायचं तर आईचा रोज बुडतो आणि भाडं वेगळं. वाट पाहण्याची मुभा फक्त परत येणाऱ्यालाच असते. शहरातल्या नियमित येणाऱ्या मुलाच्या बाबतीत शंका असली तर "तीन महिन्यांनी पाहू" म्हणता येतं. एखादा पर्याय आजमावता येतो, म्हणजे दोन दाढांमध्ये काही दिवस रबरी कडं बसवून फट पाडायची आणि मग थेट डोळ्यांनी पाहायचं, किंवा प्रखर दिव्याचा बारीक झोत दाढेतून आरपार टाकून सावली शोधायची. पाड्यावरच्या मुलाला तो वेळ नाही. म्हणून माझं मत असं, की ज्याची पुढची फेरी अनिश्चित आहे, ज्याच्या दाढा मिटलेल्या आहेत आणि ज्याच्या तोंडात एक तरी कीड डोळ्यांना दिसते आहे, त्याचे दोन बाइटविंग त्याच दिवशी काढावेत. मात्र त्याच दिवशी उपचारही सुरू होणार असेल तरच. नुसतं चित्र काढून "धुळ्याला जा" म्हणून पाठवणं म्हणजे पैशाला चाट आणि दाताला काही नाही.

सरकारी वाट आहे, आणि ती आपल्याच राज्यातून निघाली. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरमधून सुरू झाला. त्याची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येऊन मुलं तपासतात, आणि तपासायच्या तीस आजारांत दातांची कीडही आहे. पथकाकडे बॅटरी असते, एक्स-रे नसतो, आणि तो नसावाच. शिबिरात ओळीने पोरं उभी करून हातात धरायच्या यंत्राने सरसकट एक्स-रे काढण्याची कल्पना अधूनमधून कुणीतरी मांडतं. आधी तोंड न तपासता, कुणाला कशासाठी हे न ठरवता किरणं देणं मुळातच चूक आहे. पथकाने दिसणारी कीड हेरावी आणि अशी मुलं जिल्हा रुग्णालयाकडे पाठवावीत. धुळ्यात जवाहर मेडिकल फाउंडेशनचं एसीपीएम दंत महाविद्यालय आहे. जळगावहून ते नव्वदेक किलोमीटर पडतं, पण अवघड मुलांसाठी अशी जागा माहीत असलेली बरी.

चुकीचे एक्स-रे शहरांत जास्त निघतात. सात-आठ वर्षांच्या मुलाचा "सगळे दात एकदम दिसतील" म्हणून ओपीजी, म्हणजे पूर्ण जबड्याचा एक्स-रे, काढतात. येणारे पक्के दात, कमी असलेले दात, जबड्याची वाढ यांसाठी तो उत्तम. पण दाढांमधल्या बारीक किडीसाठी तो कच्चा आहे, कारण त्यात शेजारच्या दाढा एकमेकींवर चढतात. किडीसाठी सीबीसीटीचा, म्हणजे त्रिमितीय स्कॅनचा, तर विचारच नको, त्याचा डोस कित्येक पट असतो. आणि दात कधीच न किडलेल्या, फ्लोराइडच्या पेस्टने दोन वेळा दात घासणाऱ्या मुलाला दर सहा महिन्यांनी "रूटीन" म्हणून खुर्चीत बसवून चित्र काढायचं, यात मुलाचा काही फायदा नाही. पडून लागलेला दात मात्र वेगळा विषय. तिथे एक्स-रे लगेच लागतो, चर्चा नको.

चित्रावरून पुढे काय करायचं, तेही आता बदललं आहे. कीड कवचापुरती असेल तर फ्लोराइडचं वार्निश आणि घासण्याची शिस्त. आत शिरली असली तरी दर वेळी ड्रिल लागतंच असं नाही. स्कॉटलंडमधल्या नॉर्ना हॉल या दंतवैद्यबाईंनी दुधाच्या किडक्या दाढेवर न कोरता, सुईही न देता, स्टीलची टोपी चिकटवायला सुरुवात केली. आत कोंडलेल्या किडीची रसद तुटते आणि ती थांबते. आज ही पद्धत हॉल टेक्निक म्हणून जगभर चालते. पण टोपी बसवण्याआधी एक गोष्ट कळायलाच हवी, की कीड आणि नस यांच्यामध्ये निरोगी दाताची राखाडी पट्टी शिल्लक आहे का. ती दिसते बाइटविंगवर. असेल तर टोपी, नसेल तर नसेचा इलाज किंवा दाढ काढणं. एक्स-रे उपचार बदलतो म्हणतात तो असा.

चार वर्षांच्या आतल्या, सेन्सर तोंडात घेऊच न देणाऱ्या मुलाला दाबून धरू नये. महिन्या-दोन महिन्यांनी तेच मूल मुकाट पंख चावतं. तोवर वार्निश लावता येतं.

चित्र निघालं की ते मागून घ्यावं. आरव्हीजीची फाइल दवाखान्याच्या संगणकात पडून राहते, घर जळगावहून पुण्याला जातं, आणि तिथला दंतवैद्य पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवलेलं चित्र आवळलं जातं आणि तो बारीक त्रिकोण पुसट होतो, म्हणून ते डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगावं, मुलाचं नाव आणि तारीख टाकून. वर्षाने घेतलेलं दुसरं चित्र त्याच्या शेजारी ठेवलं की एका नजरेत कळतं. त्रिकोण होता तेवढाच असेल तर कीड थांबलेली आहे, दाढेला हात लावायचा नाही. वाढला असेल तर अजून वेळ गेलेली नाही.